'आठ वर्षांनी' ही चूक की क्लू? एका कंटिन्युइटीवालीचं लांबलचक उत्तर

तुझा प्रश्न आधी नीट मांडते. मार्व्हलचा स्पायडर-मॅन होमकमिंग हा सिनेमा सुरू होतो तेव्हा पहिल्या अ‍ॅव्हेंजर्स सिनेमातल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतर ढिगारे उपसायचं काम चाललेलं दाखवतात आणि मग पडद्यावर पाटी येते, 'आठ वर्षांनी'. ती लढाई २०१२ ची, म्हणजे २०२० झालं आणि ते कशातच बसत नाही. तुझा मामेभाऊ म्हणतो की मार्व्हलने तिथेच मल्टिव्हर्सचं, म्हणजे एकाच वेळी अनेक विश्वं असण्याचं, बी पेरलं होतं, ही वेगळी टाइमलाइन आहे. तू म्हणतोस साधी चूक आहे. आणि आता अ‍ॅव्हेंजर्स डूम्सडे या सिनेमाच्या थिअऱ्यांवरून तुमचं परत तेच भांडण. ताई तुम्ही सेटवर कंटिन्युइटी करता तर तुम्हीच सांगा असं लिहिलंयस म्हणून सांगते.

चूक आहे. सरळ चूक. सिव्हिल वॉर हा सिनेमा २०१६ मध्ये घडतो, होमकमिंगची मुख्य गोष्ट त्या जर्मनीतल्या विमानतळावरच्या मारामारीनंतर दोन महिन्यांनी सुरू होते, आणि २०१८ मध्ये इन्फिनिटी वॉरला थॅनोस हा खलनायक अर्धं जग पुसून टाकतो तेव्हा पीटर, म्हणजे स्पायडर-मॅन, धूळ होऊन जातो तो एंडगेममध्ये पाच वर्षांनी परत येतो. म्हणजे २०२० साली पीटर पार्कर पृथ्वीवर नाहीचये, तो शाळेत बसून स्पॅनिशचा तास कसा करेल? इन्फिनिटी वॉरच्या दोन दिग्दर्शकांपैकी जो रूसो यांनी नंतर मुलाखतीत ती पाटी चुकीची असल्याचं स्पष्ट म्हटलंय.

पण मामेभावाला नुसतं 'चूक' म्हणून गप्प करू नकोस, कारण ती चूक कशी झाली असेल ते जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते कळलं की पुढच्या निम्म्या थिअऱ्या आपोआप तपासता येतात. सिव्हिल वॉरमध्ये व्हिजन एक वाक्य बोलतो की मिस्टर स्टार्कने आपण आयर्न मॅन असल्याचं जाहीर केलं त्याला आठ वर्षं झाली. २००८ अधिक आठ, २०१६, एकदम बरोबर. माझा अंदाज असा की तेच 'आठ' कुणाच्या तरी डोक्यात राहिलं आणि ते न्यूयॉर्कच्या लढाईला चिकटलं. आकडा बरोबर, मोजायला सुरुवात चुकीच्या जागेवरून. मी १७ वर्षं हे काम करतेय, आधी मराठी मालिका, मग जाहिराती, आता वेब सिरीज, आणि ही चूक मी इतक्या वेळा पकडलीये की मला ती ओळखीची वाटते. लोकांना आकडा पाठ असतो, कुठपासून मोजला ते विसरतात.

आता पाटीबद्दल. बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. सेटवर माझ्याकडे एक शीट असते, प्रत्येक सीनच्या डोक्यावर मी लिहिते की हा कथेतला कितवा दिवस, सकाळ की संध्याकाळ, कपडे कुठले, पट्टी कुठल्या हाताला, ग्लास किती भरलेला, मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर, सगळं, फोटोसकट. शूटिंग आपण कथेच्या क्रमाने करत नाही, लोकेशन मिळेल तसं आणि आर्टिस्टच्या तारखा मिळतील तसं करतो, म्हणून हे लागतं. पण 'सहा महिन्यांनी', 'दहा वर्षांनी' या पाट्या बहुतेक वेळा एडिटला ठरतात नाहीतर एडिटला बदलतात, कारण सीन मागेपुढे होतात, प्रेक्षक गोंधळतोय असं वाटलं की पाटी टाकतात. आणि एडिटच्या टेबलाजवळ कंटिन्युइटीवाली नसते. तिचं काम पॅकअपला संपलेलं असतं. त्यामुळे कुठल्याही सिनेमात वर्षांचा हिशोब बिघडला की मी पहिला संशय पाटीवर घेते, मग संवादावर, आणि प्रॉपवर सगळ्यात शेवटी.

माझ्यासोबत घडलेलं सांगते, मालिकेचं नाव सांगत नाही. आमच्या मालिकेने सहा वर्षांचा लीप घेतला. लीपच्या आधी बाळ नुकतंच जन्मलेलं. प्रोमो आधीच शूट झाला होता आणि त्यात ती मुलगी सांगते की मी तिसरीत आहे. सहा वर्षांची मुलगी तिसरीत कशी? मी शीटवर लाल पेनाने लिहिलं, मीटिंगमध्ये बोलले, पण प्रोमो चालू झाला होता आणि तयार एपिसोडची बँक दोन दिवसांची, तर कोण थांबणार. टेलिकास्ट झाल्यावर प्रेक्षकांनी दोन आठवड्यांत थिअरी काढली की हे मूल बदललंय, हॉस्पिटलमध्ये अदलाबदल झालीये आणि ही मुलगी दोन वर्षांनी मोठी आहे. आणि दोन महिन्यांनी आमच्या लेखकांनी खरंच तोच ट्रॅक घेतला! मी तेव्हा तिथे होते, तो ट्रॅक कुठल्याही कागदावर नव्हता हे मी शपथेवर सांगू शकते. आज कुणी ती मालिका सलग बघितली तर म्हणेल वा, काय प्लॅनिंग, तिसरीतलं वाक्य म्हणजे क्लू होता. नव्हता रे. चूक होती, तिला नंतर क्लू केलं.

मार्व्हलचंही बरंचसं असंच आहे आणि मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही, उलट मला ते कौशल्य वाटतं. थॅनोसचा हातमोजा घे. २०११ च्या थॉरमध्ये थॉरच्या वडिलांच्या, अस्गार्डच्या राजा ओडिनच्या, खजिन्यात हाच हातमोजा, म्हणजे इन्फिनिटी गॉन्टलेट, ठेवलेला दिसतो, कॉमिक्स वाचणाऱ्यांना ओळखीचा नमस्कार म्हणून. मग २०१५ ला एज ऑफ अल्ट्रॉनच्या शेवटी थॅनोस स्वतःचा गॉन्टलेट हातात घालतो. आता अस्गार्डच्या खजिन्यातला याच्याकडे कसा आला? फॅन लोकांनी फ्रेम थांबवून बघितलं तर खजिन्यातला उजव्या हाताचा आणि थॅनोसचा डाव्या हाताचा. झालं, दोन गॉन्टलेट आहेत अशी थिअरी. आणि २०१७ ला थॉर रॅग्नारॉकमध्ये थॉरची बहीण हेला चालता चालता खजिन्यातला गॉन्टलेट ढकलून देते आणि म्हणते नकली. सहा वर्षांची भानगड एका शब्दात मिटवली. आम्ही याला पॅच म्हणतो, कॉमिक्सवाले रेटकॉन म्हणतात.

आयर्न मॅन २ मधला तो मुखवटा घातलेला लहान मुलगा, जो स्टार्क एक्स्पोमध्ये रोबोटसमोर हात वर करून उभा राहतो, तो तर अजून सुंदर केस आहे. तो मुलगा म्हणजे दिग्दर्शक जॉन फॅवरो यांचा स्वतःचा मुलगा. २०१० साली स्पायडर-मॅनचे सिनेमाचे हक्क सोनीकडे होते, मार्व्हलला तेव्हा पीटर पार्करचं नाव घेणंच शक्य नव्हतं, म्हणजे हे 'आधीपासून ठरलेलं' असण्याचा प्रश्नच नाही. फॅन लोकांनी वय मोजलं, २०१६ ला पंधरा म्हणजे २०१० ला नऊच्या आसपास, बसतंय. आणि २०१७ ला पीटरचं काम करणाऱ्या टॉम हॉलंडने सांगितलं की मार्व्हल स्टुडिओच्या केविन फायगीशी बोलणं झालंय आणि तो मुलगा पीटरच. इथे थिअरी खरी ठरली असं म्हणू नकोस, थिअरी स्वीकारली गेली असं म्हण. दोन्हींत फरक आहे.

मार्व्हल कॉमिक्सचे लेखक स्टॅन ली यांच्या छोट्या छोट्या भूमिकांचंही तेच. प्रत्येक सिनेमात वेगळ्या वेषात दिसणारा हा म्हातारा एकच असून तो वॉचर, म्हणजे विश्वावर नुसती नजर ठेवणाऱ्यांपैकी एक, आहे अशी फॅनची थिअरी होती, ती गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी व्हॉल्यूम २ मध्ये थोडी बदलून आली, तो चंद्रासारख्या दगडावर बसून वॉचर्सना सांगत असतो की मी तेव्हा फेडेक्सचा माणूस होतो. मजा बघ, त्या सिनेमात पहिला प्रसंग १९८० चा आणि मग पाटी आहे 'चौतीस वर्षांनी', म्हणजे २०१४. आणि फेडेक्सचा माणूस होऊन तो येतो २०१६ च्या सिव्हिल वॉरमध्ये. म्हणजे थिअरीला मान दिला त्याच सीनमध्ये नवी चूक झाली! इथे पाटीचा हिशोब बरोबर आहे, संवाद चुकला. मला हे फार आवडतं, कारण यातून दिसतं की सेटवर आणि लेखनात किती हात असतात आणि प्रत्येक जण आपापला तुकडा प्रेमाने करत असतो, पण सगळा पट एकाच माणसाच्या डोक्यात एकाच वेळी नसतो.

तुझ्या मामेभावाचं मूळ गृहीतक असं आहे की सगळं आधी ठरलेलं असतं, म्हणून काहीही विसंगत दिसलं की त्यामागे हेतू असणार. तर ठरवलेलंसुद्धा कसं हलतं ते बघ. व्हॅलेंटिना हे पात्र पहिल्यांदा ब्लॅक विडोमध्ये दिसणार होतं, तो सिनेमा मे २०२० ला येणार होता. कोविड आला, सिनेमा जुलै २०२१ ला ढकलला, आणि मधल्या काळात फाल्कन अँड द विंटर सोल्जर ही सिरीज एप्रिल २०२१ ला तिला घेऊन आली. म्हणजे प्रेक्षकाला तिची ओळख उलट्या क्रमाने झाली. तेव्हा लोकांनी तिच्या त्या 'अचानक' येण्याचे केवढे अर्थ काढले. कॅंग या खलनायकाचं तर विचारूच नकोस, जुलै २०२२ ला सॅन दिएगो कॉमिक-कॉनमध्ये अख्खा सिनेमा त्याच्या नावाने जाहीर झाला, डिसेंबर २०२३ ला त्या कलाकाराला कोर्टाने दोषी ठरवलं आणि स्टुडिओने त्याला काढलं, जुलै २०२४ ला त्याच मंचावर रॉबर्ट डाउनी ज्युनियर डूम या नव्या खलनायकाचा मुखवटा काढून उभा राहिला. लोकी सिरीजमधल्या कुठल्या तरी फ्रेममध्ये डूमची 'खूण' शोधणाऱ्यांनी ही तारखांची ओळ एकदा वाचावी. २०२१ मध्ये दिसलेल्या सिरीजमध्ये २०२४ चा निर्णय लपवता येत नाही.

म्हणून मी थिअरी वाचताना एकच गोष्ट बघते, ही वस्तू कुठल्या टेबलावर जन्मली आणि कधी. लेखकाच्या, आर्ट डिपार्टमेंटच्या, सेटवर, एडिटला, की दुसऱ्याच कंपनीच्या ऑफिसात. शेवटचं विसरू नकोस, कारण एजंट्स ऑफ शील्डचं कोडं तिथेच सुटतं. त्या सिरीजचा पाचवा सीझन संपताना इन्फिनिटी वॉरचा उल्लेख येतो, आणि सहावा सीझन एंडगेमनंतर २०१९ मध्ये आला तरी त्यात अर्धं जग नाहीसं झाल्याचं नावही नाही. फॅन लोकांनी त्यावर किती पानं लिहिली की ते दुसऱ्या फांदीवरच्या टाइमलाइनमध्ये गेले. तशी सोय कथेत आहेच, मी नाही म्हणत नाही. पण खरं कारण असं की सिनेमे एक विभाग करत होता आणि टीव्ही दुसराच विभाग करत होता आणि त्यांच्यात माहितीचं येणंजाणं नीट नव्हतं. २०१९ च्या अखेरीस तो टीव्हीचा विभाग बंद करून काम सिनेमावाल्यांकडे दिलं. त्यानंतरच बघ, डेअरडेव्हिल या जुन्या सिरीजचा चार्ली कॉक्स डिसेंबर २०२१ मध्ये स्पायडर-मॅनच्या नो वे होममध्ये आला आणि जुन्या सिरीज पुढे अधिकृत क्रमात घेतल्या गेल्या. कथेत काही बदललं नव्हतं, ऑफिस बदललं होतं.

कधी कधी तर बनवणाऱ्यांचंच एकमत नसतं. एंडगेमच्या शेवटी म्हातारा स्टीव्ह, म्हणजे कॅप्टन अमेरिका, बाकावर बसलेला दिसतो. लेखक मार्कस आणि मॅकफीली म्हणतात तो याच टाइमलाइनमध्ये आपल्या प्रेयसीसोबत, पेगीसोबत, आयुष्य काढून म्हातारा झाला, दिग्दर्शक रूसो बंधू म्हणतात तो दुसऱ्या फांदीवर जगला आणि मग इकडे आला. सिनेमा एकच, सीन एकच. आणि त्याच सिनेमात बॅनर, म्हणजे हल्क, समजावून सांगतो की भूतकाळात गेलात तरी तुमचा आजचा दिवस बदलत नाही, त्या नियमाने दिग्दर्शकांचं जास्त पटतं असं माझं मत. पण भावनेने लेखकांचं पटतं, शेवटचा तो दोघांचा नाच याच जगात झाला असावा असं मलाही वाटतं. इथे तू आणि मामेभाऊ जन्मभर भांडलात तरी चालेल, हे खरोखर उघडं ठेवलेलं दार आहे.

आता एक गोष्ट तुला सांगितलीच पाहिजे, कारण तुझ्या प्रश्नात मामेभावाबद्दल जरा 'हा वेडाच आहे' असा सूर आहे. चुका भरून काढायचा हा खेळ कॉमिक्सनेच वाचकांना शिकवलाय. १९६० च्या दशकात स्टॅन ली घाईत लिहिताना ब्रूस बॅनरला चक्क बॉब बॅनर लिहून बसले, वाचकांनी पकडलं, आणि उत्तर आलं की त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. आजही तेच नाव चालतं. त्याच काळात मार्व्हलने नो-प्राइझ नावाचं बक्षीस सुरू केलं, पुढे ते अशा वाचकाला मिळायला लागलं जो चूक दाखवून वर ती चूक का नाही हेसुद्धा पटवून देईल, आणि बक्षीस काय तर छापील पाकीट, आत रिकामं. लोकांनी ती पाकिटं जपून ठेवली. मार्क ग्रुएनवाल्ड नावाचा एक मुलगा तर फक्त कॉमिक्सच्या कंटिन्युइटीवर स्वतःचं छोटं मासिक काढायचा, ओम्निव्हर्स नावाचं, त्यालाच मार्व्हलने नोकरीला घेतलं आणि १९८० च्या दशकात पात्रांचा तो प्रचंड अधिकृत कोश त्याच्या हातून झाला. १९९६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख त्याच्याच स्क्वाड्रन सुप्रीमच्या पुस्तकाच्या शाईत मिसळली. माझ्या कामातल्या माणसांपैकी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हा.

आणि आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? माझे आजोबा कीर्तनाला न्यायचे, तिथे कुणी विचारलं की बुवा त्या पुराणात गणपतीचा जन्म असा सांगितलाय आणि या पुराणात तसा, तर बुवा शांतपणे म्हणायचे, कल्पभेद. एका कल्पात असं घडलं, दुसऱ्या कल्पात तसं, दोन्ही खरं. ऐकणाऱ्याचं समाधान व्हायचं आणि कथा पुढे जायची. मामेभाऊ 'वेगळी टाइमलाइन' म्हणतो तेव्हा तो बुवांचंच काम करतोय. आणि दुसरीकडे पुण्यात भांडारकर संस्थेत विद्वान मंडळी १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धं शतक बसून महाभारताच्या हस्तलिखितांतले पाठभेद लावत होती, कुठला श्लोक मूळचा, कुठला नंतर घुसला, नकलणाऱ्याचा हात कुठे चुकला. तू ते दुसरं काम करतोयस. दोन्ही कामं लागतात, फक्त कुठलं चाललंय ते बोलताना माहीत असावं, नाहीतर भांडण मिटत नाही कारण दोघं वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देताय.

त्रास कधी होतो सांगू? थिअरी इतकी गोड लागते की समोरची गोष्टच दिसेनाशी होते. वांडाव्हिजन २०२१ मध्ये आठवड्याला एक भाग येत होती तेव्हा सगळीकडे एकच, कॉमिक्समधला सैतान मेफिस्टो येणार, मेफिस्टो येणार, पडद्यावरची माशीसुद्धा मेफिस्टो. शेवटी निघाली अगाथा नावाची चेटकीण, आणि सिरीज होती ती वांडा नावाच्या बाईच्या दुःखाची गोष्ट, तिचा व्हिजन गेलाय हे तिला मान्य करता येत नाही एवढंच. मी ती सिरीज बाबा गेल्यानंतर तीन महिन्यांनी बघितली. माझ्या ओळखीचे कितीतरी जण म्हणाले फसवलं आम्हाला, आणि मला त्यांच्यासाठी मनापासून वाईट वाटलं, कारण त्यांनी ती सिरीज बघितलीच नव्हती. मेफिस्टो शेवटी आला तो २०२५ मध्ये, आयर्नहार्टच्या शेवटच्या भागात, तोवर बरेचसे वाट बघणारे निघून गेले होते.

तर डूम्सडे. तारीख १८ डिसेंबर २०२६ ठरलीये, मार्च २०२५ मध्ये खुर्च्यांवर कलाकारांची नावं दाखवत तासन्‌तास चाललेलं ते प्रक्षेपण तू बघितलंच असशील, त्यात नावं कलाकारांची होती, पात्रांची नव्हती, एवढं लक्षात ठेव. आणि तुमच्या भांडणासाठी माझ्याकडे एक खरोखरचं कोडं आहे, तेही परत पाट्यांचंच. थंडरबोल्ट्सच्या अगदी शेवटच्या सीनला पाटी आहे 'चौदा महिन्यांनी', आणि त्यात फँटास्टिक फोरचं यान आपल्या नेहमीच्या पृथ्वीकडे येताना दिसतं. फँटास्टिक फोर फर्स्ट स्टेप्सच्या क्रेडिटमधल्या सीनला पाटी आहे 'चार वर्षांनी', त्या चौघांतली सू आपल्या मुलाला, फ्रँकलिनला, पुस्तक वाचून दाखवतेय, दुसरं आणायला उठते आणि परत येते तर हिरव्या झग्यातला माणूस, म्हणजे डूम, फ्रँकलिनसमोर बसलेला. ती पृथ्वी वेगळी, ८२८ नंबरची, तिथलं कॅलेंडर साठच्या दशकातलं, त्यामुळे या दोन पाट्या एकमेकींवरून तपासताच येत नाहीत. पण मूल तपासता येतं. शाळेत जायच्या आधीच्या वयात दोन वर्षांचा फरक कुठल्याही मेकअपने लपत नाही, आमच्या मालिकेत तेच नडलं होतं. तेव्हा यानाचं दार उघडेल तेव्हा डूमकडे बघू नका, फ्रँकलिन बाहेर आला तर त्याची उंची सूच्या कमरेपाशी कुठवर येते ते बघा, आणि फर्स्ट स्टेप्समधली फ्रेम शेजारी ठेवा. बसलं तर पाट्या कुणीतरी मोजून लावल्यात. नाही बसलं तर मला कळव, मी शीट काढून बसलेलीच असेन.